चौथ्या इमारतीतलं पाणी

रत्नागिरीच्या बाजारात मला लांबून बघितलं की अजूनही दोन-चार माणसं रस्ता बदलतात. निवृत्त होऊन मला एक तप उलटलं, गुडघे बोलायला लागले, पण माणसांच्या मनातली भीती काही निवृत्त होत नाही. परवा मासळी बाजारात एक गृहस्थ सुरमईचा भाव करत होते. माझ्याकडे नजर गेली आणि सुरमई तिथेच टाकून त्यांनी काढता पाय घेतला. त्यांचा कुठलासा मे महिना माझ्याकडे अजून बाकी आहे असं त्यांना वाटतं. आहेही.

मी भाडेवाली बाई. सुर्वेबाई हे नाव कार्यालयाच्या हजेरीपुस्तकात होतं, बाकी सगळीकडे भाडेवालीच. संपादक म्हणाले, नोकरीतले अनुभव लिहा. मी म्हटलं, भाडं गोळा करण्यात अनुभव कसले डोंबलाचे! शिक्षिका, नर्स यांच्याबद्दल लोक आदराने वाचतात. घरभाड्याची पावती फाडणाऱ्या बाईबद्दल कोण वाचणार? पण एक गोष्ट चाळीस वर्षं मनात आहे, ती सांगून टाकते. तिच्यात माझी चूक आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईने लपवलं.

आमचं गृहनिर्माण मंडळ सरकारी. कमी पगाराच्या लोकांना कमी भाड्यात घर मिळावं म्हणून शहराबाहेर कातळावर त्याने चार इमारती बांधल्या होत्या. एकेका इमारतीत सोळा खोल्या, म्हणजे एकूण चौसष्ट बिऱ्हाडं. एसटीतले कंडक्टर, कोर्टातले शिपाई, शाळामास्तर, जेटीवर काम करणारे, काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या बाया. तीन इमारती सपाटीवर होत्या आणि चौथी कातळाच्या वरच्या टप्प्यावर. तिथून समुद्र दिसायचा. पण समुद्र बघून घागर भरत नाही.

आता धंद्यातली गोष्ट समजावून सांगते, कारण ती समजली नाही तर पुढचं काही समजायचं नाही. भाडं म्हणजे उंबऱ्याच्या आतलं. भिंती, छप्पर, दार, खिडकी. त्याशिवाय दर महिन्याला आणखी काही रुपये असायचे, त्याला कागदावर 'सामायिक सुविधा शुल्क' असं भारदस्त नाव होतं. हे उंबऱ्याच्या बाहेरचं. जिन्यातला दिवा, आवार झाडणारा, संडासाची टाकी उपसणं, आणि विहिरीचं पाणी वरच्या टाकीत चढवणारा पंप. सगळ्याचा वर्षाचा खर्च एकत्र करायचा, घरांमध्ये वाटायचा, आणि महिन्याच्या हिशोबाने घ्यायचा. झालं. यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. लोकांना ते काही केल्या कळत नसे आणि मी दर महिन्याला चिडत असे.

पहिल्या इमारतीत तळमजल्यावर एक मास्तर होते. ते म्हणत, "मी जिना चढतच नाही, तर दिव्याचे पैसे का देऊ?" मी म्हणायची, "मास्तर, तुमच्या डोक्यावर राहतात त्यांनी अंधारात पाय घसरून तुमच्या दारात पडावं का?" ते विचार करायचे आणि म्हणायचे, "पडतील ते, मी कशाला पैसे देऊ?" तरी दर महिन्याला द्यायचे, पण एक रुपया सुट्या पैशांत मोजून, मला अर्धा तास उभं ठेवून. दुसऱ्या एका बाई गणपतीला घर बंद करून गावी गेल्या की परत आल्यावर म्हणायच्या, "महिनाभर मी इथे कचराच केला नाही, झाडणाऱ्याचे पैसे कापा." त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच होतं की! पण माझ्याकडे कापायला रकाना नव्हता.

आणि चौथ्या इमारतीत आनंदी मांडवकर होती.

नवरा वारलेला, दोन मुली. संगमेश्वराकडची. काजूच्या कारखान्यात बिया फोडून हाताची बोटं काळी पडलेली. तोडून बोलणारी. महिन्याच्या पाच तारखेला ती दारात उभी असायची, हातात पैसे तयार. भाडं पूर्ण. दिव्याचे, झाडण्याचे, टाकीचे पूर्ण. पंपाचे सात रुपये मात्र नाहीत.

"पंपाचं पानी माज्या घरात येत नाय. मंग पैसं कशाचं?"

"अहो, ते सामायिक आहे. सगळ्यांना सारखं."

"पानी सारखं आलं का सगल्यांना?"

खरं होतं तिचं. पंपाला चौथ्या इमारतीपर्यंत पाणी चढवायची ताकदच नव्हती. नळ बसवले होते, पण ते शोभेचे. त्या सोळा बिऱ्हाडांतल्या बाया विहिरीवरून दोरीने पाणी शेंदून कातळ चढायच्या. मी हे दर महिन्याला डोळ्यांनी बघत होते आणि दर महिन्याला पंपाचे पैसे मागत होते. कारण माझ्या वहीत तसं होतं. बाकीची पंधरा बिऱ्हाडं कुरकुर करत द्यायची, सरकारी कागदाशी कोण भांडणार! एकटी आनंदी द्यायची नाही.

तिच्याबद्दल माझ्या मनात अढी होती, आणि ती पैशांपायी नव्हती. आमच्याकडे दाराशी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही, वैऱ्यालासुद्धा. मला चौसष्टपैकी त्रेसष्ट घरांत पाणी मिळायचं, गुळाचा खडा मिळायचा, क्वचित चहा मिळायचा. ज्यांचं सहा-सहा महिन्यांचं थकलं होतं ते तर आग्रहाने पन्हं द्यायचे. आनंदीने इतक्या वर्षांत मला कधी तांब्याभर पाणी विचारलं नाही. भर एप्रिलात कातळ चढून मी धापा टाकत उभी, आणि ही दार अडवून पावती मागते. काय बाई आहे, असं मनात म्हणत मी उतरायची.

आता आमच्या कार्यालयातला एक नियम ऐका. कोणी कमी पैसे दिले तर आलेली रक्कम आधी जुन्या थकबाकीत जमा करायची, उरलेली चालू भाड्यात. आनंदीचे पंपाचे सात रुपये पहिल्या महिन्यात राहिले, ते दुसऱ्या महिन्याच्या पैशांतून कापले गेले. मग दुसऱ्या महिन्याचं भाडं कमी पडलं. असं करत करत पाच तारखेला न चुकता भाडं देणारी ती बाई कागदावर भाडे थकवणारी ठरली. सहा वर्षांत आकडा इतका फुगला की वरच्या कार्यालयातून यादी आली, त्यात तिचं नाव लाल शाईत. महिन्याच्या आत थकबाकी भरा नाहीतर खोली रिकामी करा. आणि ती नोटीस द्यायला कोण जाणार? मीच.

मोठ्या मुलीने नोटीस वाचून दाखवली. ती दहावीला जाणार होती, हुशार पोर. 'खोली रिकामी' हे शब्द आले तसा तिचा आवाज बारीक झाला. आनंदीने तिच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि कमरेला खोचला.

"मुदत संपली का आमी गावाला जाऊ," ती म्हणाली. "तिकडं दहावीची शाला नाय. हिला कारखान्यात घालीन. तुमचं सात रुपये सुटतील."

नियम नियम आहे, असं स्वतःला सांगत मी घरी आले आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शिमगा होऊन गेला होता. दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्या इमारतीत वसुलीला गेले, तर पायरीवर तात्या पवार बसलेले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळ्या कॉलनीची भांडणं सोडवणारे तेच आणि लावणारेही बहुतेक तेच. त्यांनी नोटिशीची बातमी ऐकली होती.

"काय हो बाई," ते म्हणाले, "जो प्रवासी गाडीत चढलाच नाही त्याला तुम्ही तिकीट फाडता?"

मी वैतागून सगळं सामायिक सुविधा शुल्क पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू चोळली आणि म्हणाले, "म्हणजे गावकीची वर्गणी. मग एवढी वर्षं सरळ तसं का सांगितलं नाहीत?"

आणि खरंच की हो! गावात देवळाचा, पालखीचा, पायवाटेचा खर्च घरटी वर्गणी काढूनच चालतो. माणूस मुंबईला असो, घराला कुलूप असो, वर्गणी द्यावीच लागते आणि कोणी तक्रार करत नाही. मी सहा वर्षं सरकारी शब्दांत घसा कोरडा केला आणि तात्यांनी दोन शब्दांत गोष्ट पोचवली. जिन्यातल्या बाया लगेच मान हलवायला लागल्या. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

पण तात्यांचं संपलं नव्हतं. "गावकी म्हटली की हिशोब वाचायला लागतो, बाई."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. शिमगा झाला, पालखी देवळात गेली की गाव देवळात बसतो. मध्ये नारळ ठेवतात. ज्याच्याकडे पैसे असतात तो वर्षाचा खर्च मोठ्याने वाचतो, एकेक बाब, एकेक पावती. कोणीही विचारावं, पोराने विचारलं तरी उत्तर द्यायचं. सगळ्यांचं समाधान होईपर्यंत वाचणाऱ्याने उठायचं नाही. मग नारळ फोडायचा. नारळ फुटेपर्यंत वर्गणी मागायचा अधिकार नाही.

मी म्हटलं, सरकारी फाइली अशा वाचता येत नाहीत. तात्या म्हणाले, "मग आनंदीला बाहेर काढता येतं, ते कसं?"

आमचे साहेब देशावरचे, साताऱ्याकडचे. गावकी म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात माझी सकाळ गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, रविवारी मी घरी असतो. रविवारी तुम्ही कुठे काय वाचता ते मला कसं कळणार? कपाटाची चावी मात्र सोमवारी जागेवर पाहिजे." एवढ्या मोठ्या मनाचा साहेब मला नंतर मिळाला नाही.

रविवारी सकाळी पंपाच्या खोलीसमोर फणसाखाली सगळी जमली. मुदत संपायला आठ दिवस राहिले होते. मध्ये नारळ. चौथ्या इमारतीच्या बाया एका बाजूला, त्यांत आनंदी, दोन्ही मुलींना धरून. मी फाइल उघडली. नियमाबाहेरचं काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते.

जिन्यातले दिवे वाचले. मास्तरांनी विचारलं, तिसऱ्या इमारतीत दिवा दोन महिने बंद होता त्याचं काय? लिहून घेतलं. झाडण्याचं वाचलं, ठीक. संडासाच्या टाक्या वर्षातून दोनदा उपसल्या, असं वाचलं, तर मागून एक म्हातारी म्हणाली, "कवा गो बाय? आमी तर वास घेतच हाव." असा हशा पिकला की मलाही हसू आवरेना. मी तेही लिहून घेतलं. नंतर त्या कंत्राटदाराची जी हजेरी घेतली ती वेगळी गोष्ट.

मग पंप. मी खर्चाचे आकडे वाचले. तात्या म्हणाले, "आकडे नकोत. ज्या हुकुमाने हे घेता तो हुकूम वाचा."

हुकूम फाइलीच्या तळाशी होता, पिवळा पडलेला. नोकरीच्या पहिल्या वर्षी आलेला. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत होतं, 'पंपाचा खर्च इमारत क्रमांक एक ते तीन यांमधील घरांमध्ये विभागावा. इमारत क्रमांक चारसाठी स्वतंत्र पंप बसेपर्यंत तिचा समावेश करू नये.'

माझे डोळे आधी पोचले आणि जीभ मागे राहिली. 'एक ते तीन' वाचून मी थांबले.

मला सगळं आठवलं. तेव्हा मी नवीन होते. वहीत चौसष्ट ओळी आखलेल्या होत्या. चौसष्टने भागायला किती सोपं! निम्मं करायचं, पुन्हा निम्मं, असं सहा वेळा केलं की झालं. अठ्ठेचाळीसने कोण भागत बसणार? मी चौसष्टने भागलं. पुढच्या वर्षी मागचं बघून भागलं. सहा वर्षं. हुकूम पुन्हा उघडून कोणी बघितला नाही, साहेबांनी नाही आणि वरच्यांनीही नाही, आणि सगळ्यात आधी मी नाही. माझ्या आळसापायी ती बाई रस्त्यावर येणार होती.

खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, ओळ गाळावी. पिवळा कागद, बारीक टाईप, कोणाला कळणार आहे? नोकरी जाईल, असंही वाटलं. मी वर बघितलं. आनंदीची मोठी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. आठ दिवसांनी ती कारखान्यात जाणार होती आणि मी कार्यालयात, पंख्याखाली.

मी ओळ पहिल्यापासून वाचली, शेवटपर्यंत, मोठ्याने. मग म्हटलं, "ही चूक माझी आहे. चौथ्या इमारतीने पंपाचा एक पैसासुद्धा देणं लागत नव्हतं. मी सहा वर्षं चुकीचं मागितलं."

मग दुसऱ्या इमारतीतला एक जण उठला. "म्हणजे आता आमचं वाढणार?" त्याच्यामागे चार-पाच जण कुरकुरले. वाढणारच होतं, हिशोब उघड होता. त्या तीन इमारतींची माणसं जास्त, वरची सोळाच घरं. आता ही सगळी उलटतात की काय, अशी मला धाकधूक.

आणि मग मास्तर उठले. तेच ते, जिन्याच्या दिव्याचा रुपया सुटा मोजणारे. घसा खाकरून म्हणाले, "माझ्या नळाला रोज सकाळी पाणी येतं. वरच्या बाया माझ्या खिडकीवरून घागरी घेऊन जातात, ते मी बघतो. माझे पैसे वाढवा." आणि खाली बसले. त्यांच्यासारख्या माणसाने वाढवा म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला तोंड उरलं नाही. तात्या म्हणाले, "ज्या वाडीत पालखी जात नाही तिच्याकडून पालखीची वर्गणी कुठल्या गावात घेतात?" आणि नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात आला तेव्हा मला रडू फुटलं. भर सभेत, पदराने तोंड झाकून रडले. लाज वाटली नाही, छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटत होतं.

सोमवारी मी स्वतःच्या चुकीचा अहवाल स्वतः टाईप केला आणि साहेबांपुढे ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला. म्हणाले, "स्वतःची चूकसुद्धा तीन प्रतींत!" मग गंभीर झाले. "पैसे परत करायचा अधिकार वरच्यांना आहे, त्याला वेळ लागेल. नोटीस मागे घ्यायचा अधिकार मला आहे. ते आत्ता करतो." आणि सही केली. माझी एक वर्षाची पगारवाढ अडली, ती अडायलाच हवी होती. त्या पंधरा बिऱ्हाडांचे पैसे दीड वर्षाने भाड्यात वळते झाले.

एक बोच मात्र राहिली. त्याच्या दोन वर्षं आधी चौथ्या इमारतीतलं एक जोडपं पंपाच्या पैशांना कंटाळून खोली सोडून बुरोंडीला गेलं होतं. त्यांचे पैसे निघत होते. मी दोनदा पत्र पाठवलं, दोन्ही परत आली. पुढे बुरोंडीकडचं कोणी भेटलं की मी विचारायची. अजून विचारते.

नोटीस मागे घेतल्याचं पत्र द्यायला मी त्याच संध्याकाळी कातळ चढून गेले. आनंदी नुकती कामावरून आलेली. मुलीने पत्र वाचलं. शेवटची ओळ वाचून तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, खात्री करायला. आनंदी भिंतीला टेकली. डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा."

सहा वर्षांत पहिल्यांदा. मी बसले. ती आत गेली आणि तांब्या भरून आणला, त्यावर वाटीत गुळाचा खडा. माझ्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून म्हणाली, "इतकी वर्सं तुमी उन्हाच्या यायच्यात. मना दिसायचं तुमचं तोंड सुकलंय. पन भ्या वाटायचं."

"भीती? पाणी द्यायला कसली भीती?"

"पानी दिलं आनि तुमी लिवलंत, हिच्याकडं पानी येतं म्हनून? मंग पंपाच्या पैशाला कशी नाय म्हनू?"

मग मला हसू आलं, आणि तिलाही आलं, आणि पोरी आईला कधी हसताना बघितलं नसावं तशा आमच्याकडे बघायला लागल्या. सहा वर्षं मी तिला उद्धट समजत होते, आणि ती बिचारी दारात उभी राहून माझी तहान बघत होती.

विहिरीचं पाणी होतं, शेंदून, कातळ चढून आणलेलं. मी तांब्या रिकामा केला आणि आणखी एक मागितला.